नोकर, चाकर आणि सोबती

मराठी घरात मुलाला 'नोकरी लागली' की पेढे वाटले जातात. पण तोच मुलगा 'नोकर झाला' असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर तो त्या मुलाचा आणि त्याच्या आईबापांचा अपमान ठरेल. वकिली करतो तो वकील, सावकारी करतो तो सावकार, सुतारकी करतो तो सुतार. मग नोकरी करतो तो नोकर का होऊ नये? व्याकरणाला हा प्रश्न सुटत नाही. भाषेने मात्र त्यावर स्वतःपुरता एक तोडगा काढलेला आहे. नोकरी करणाऱ्या प्रतिष्ठित माणसाला ती 'नोकरदार' म्हणते. 'दार' म्हणजे बाळगणारा. जमीन बाळगणारा जमीनदार, दुकान बाळगणारा दुकानदार. त्या न्यायाने नोकरदार म्हणजे नोकर बाळगणारा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो स्वतःच दुसऱ्याच्या पगारावर असतो. एका शब्दाची लाज झाकण्यासाठी भाषेने प्रत्ययाचा अर्थ उलटा फिरवावा, हे उदाहरण विरळा आहे. ही लाज त्या शब्दाला कोठे आणि कशी चिकटली, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

चामोर्शीसारख्या गावातून हा शोध सुरू करण्यात एक सोय आहे. गडचिरोली जिल्ह्यातला हा तालुका वैनगंगेच्या काठचा आणि भाषांच्या सीमेवरचा. घरोघरी झाडीबोलीच्या वळणाची मराठी, जंगलपट्ट्यात गोंडी आणि माडिया. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. आणि आष्टी, आलापल्ली ओलांडून सिरोंच्याकडे गेले की तेलुगू. पगाराच्या कामाला येथला मराठी माणूस 'नोकरी' म्हणतो. त्याचा बंगाली शेजारी त्याच कामाला 'चाकरि' म्हणतो, आणि तो शब्द बंगालीत पूर्णपणे प्रतिष्ठित आहे. मात्र 'चाकर' म्हणजे घरगडी. म्हणजे मराठीने नोकर आणि नोकरी यांची जशी फारकत केली, तशीच बंगालीने चाकर आणि चाकरि यांची केली. तेलुगू माणूस नोकरीला 'उद्योगम्' म्हणतो. 'चाकिरि' हा शब्द तो राबणुकीसाठी राखून ठेवतो. निजामाच्या राजवटीत तेलंगणात जमीनदार जी सक्तीची फुकट कामे करून घेत, त्यांचे नाव 'वेट्टि चाकिरि' असे होते. यातला 'वेट्टि' आणि आपल्या वेठबिगारीतली 'वेठ' एकच. १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणात जो सशस्त्र लढा झाला, त्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत ही वेट्टि चाकिरि होती. एकच शब्द एका शेजाऱ्याकडे आयुष्याची आकांक्षा आणि दुसऱ्याकडे गुलामगिरीची आठवण होऊन बसला आहे, आणि हे दोन शेजारी एकाच जिल्ह्यात राहतात.

आपल्या कोशांत अशा शब्दांपुढे 'फा.' एवढी खूण करण्याची रीत आहे. ती चूक नाही, कारण नोकर आणि चाकर हे दोन्ही शब्द मराठीला फारसीच्या हातून मिळाले. परंतु ज्याच्या हातून वस्तू मिळाली तो तिचा कर्ता असतोच असे नाही. 'नोकर' हा शब्द फारसीत मंगोलांबरोबर आला. मूळ मंगोल रूप 'नोकोर', अनेकवचन 'नोकोद'. आणि अर्थ सोबती. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील टोळ्यांत माणूस जन्मतः आपल्या कुळाचा असे. कुळाचे पाश सोडून, आपल्या मर्जीने, एखाद्या पराक्रमी पुरुषाच्या मागे जो जाई तो त्याचा नोकोर. सोव्हिएत मंगोलतज्ज्ञ बोरिस व्लादिमिर्त्सोव यांनी १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मंगोल समाजरचनेचा उलगडा करताना या सोबत्यांच्या संस्थेला महत्त्वाचे स्थान दिले आहे.

तेराव्या शतकातील 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात या नात्याची दोन चित्रे आहेत. तरुण तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगीझखान, याचे आठ घोडे चोरीला जातात. त्यांचा माग काढताना त्याला बोओर्चू नावाचा मुलगा घोड्यांचे दूध काढताना भेटतो. बोओर्चू हातातले भांडे तेथेच रानात ठेवतो, घरी बापाला सांगायलाही जात नाही, आणि परक्या मुलाबरोबर निघतो. घोडे परत मिळाल्यावर तेमुजिन त्याला वाटा देऊ करतो, तेव्हा तो नाकारतो. सोबती म्हणून आलो, लुटीसाठी नव्हे, असा त्याचा भाव आहे. दुसरे चित्र जेल्मेचे. त्याचा बाप जारचिउदाई लोहाराचा भाता पाठीवर घेऊन येतो आणि मुलाला तेमुजिनच्या स्वाधीन करतो: याच्याकडून घोड्यावर खोगीर घालून घे, दार उघडून घे. हाच जेल्मे पुढे जखमी तेमुजिनच्या मानेतले रक्त रात्रभर तोंडाने शोषून काढतो आणि शत्रूच्या तळात शिरून त्याच्यासाठी दही घेऊन येतो.

एक स्वतःहून आलेला मित्र, दुसरा दारावर ठेवलेला पोर. १२०६ साली चंगीझखान सर्व मंगोलांचा अधिपती झाला तेव्हा दोघेही त्याच्या सर्वश्रेष्ठ सरदारांत होते. आमच्या मते शब्दाच्या पुढील सर्व प्रवासाचे बीज या दोन चित्रांत आहे. मैत्री आणि सेवा या नात्यात आरंभापासून एकत्र होत्या. आणि तरीही ते नाते हीन नव्हते, कारण त्यात देणे दोन्ही बाजूंना होते. सोबत्याने लढायचे, नेत्याने घोडा, वस्त्र, अन्न आणि लुटीतला वाटा द्यायचा. हे देणे थांबले तर सोबती दुसऱ्या नेत्याकडे जाऊ शकत असे, आणि जातही असे.

१२५८ साली हुलागूने बगदाद घेतले आणि इराणवर मंगोलांचे राज्य स्थिर झाले. रशीदुद्दीनच्या इतिहासग्रंथात हा शब्द फारसी वेषात भेटतो. दुसरीकडे तुर्की भाषांनी तो उचलला, आणि प्रत्येकीने आपापल्या गरजेप्रमाणे त्याचा अर्थ राखला किंवा बदलला. कॉकेशस पर्वतातल्या कराचाय-बल्कार भाषेत 'न्योगेर' म्हणजे आजही मित्र, साथीदार. त्याच पर्वताच्या दक्षिणेला अझरबैजानी भाषेत 'नोकर' म्हणजे घरकामाचा गडी. तुर्कमेन आणि उझबेक भाषांत तो खानाचा शिपाई किंवा अनुचर. खुद्द मंगोलियात 'नोखोर' म्हणजे मित्र आणि नवरासुद्धा. आणि १९२४ साली तेथे साम्यवादी प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर 'कॉम्रेड' या संबोधनासाठी हाच शब्द रूढ झाला. आपल्याकडे ज्या शब्दाने मालक घरगड्याचा उल्लेख करतो, त्याच शब्दाने उलानबातरमध्ये पत्नी पतीचा उल्लेख करते. हे अर्थ एकमेकांपासून इतके दूर आहेत की मूळ एकच यावर विश्वास बसू नये. पण प्रत्येक टप्प्यावर मधला दुवा शाबूत आहे: कोणाच्या तरी बरोबर असणारा माणूस. तो शेजारी बसला तर मित्र, मागे उभा राहिला तर अनुचर आणि दाराशी थांबला तर गडी.

चाकराची कुळकथा याहून जुनी आहे आणि तिचे साम्य थक्क करणारे आहे. समरकंद आणि बुखारा या परिसरातले सोग्दी सरदार आपल्याजवळ निवडक लढवय्यांची पथके बाळगत, त्यांना 'चाकर' म्हणत. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग समरकंदहून गेला तेव्हा त्याने या योद्ध्यांची नोंद केली. मरण म्हणजे घरी परतणे असे ते मानतात आणि त्यांच्यापुढे शत्रू टिकत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. पुढे काही वर्षांनी हाच यात्रेकरू पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. येथेही राजाने पदरी बाळगलेल्या काहीशे वीरांचे वर्णन त्याने केले: उपकाराची जाण ठेवणारे, अपमानाचा सूड घेणारे, युद्धापूर्वी मद्य घेऊन हजारोंना आव्हान देणारे. समरकंदच्या चाकरांचे नाव पुढे अरबीत 'शाकिरिय्या' असे होऊन अब्बासी खलिफांच्या लष्करात शिरले. एत्येन द ला व्हेसिएर या फ्रेंच इतिहासकाराने २००७ साली समरकंद आणि सामर्रा या दोन नगरांना जोडणारा या लष्करी परंपरेचा धागा एका स्वतंत्र ग्रंथात उलगडून दाखवला आहे.

म्हणजे 'नोकरचाकर' हा आपला जोडशब्द, जो उच्चारताना डोळ्यांसमोर पाणी भरणारी आणि झाडलोट करणारी माणसे येतात, तो मुळात दोन वेगवेगळ्या काळांतल्या, दोन वेगवेगळ्या भाषांतल्या अंगरक्षक वीरांची जोडी आहे. दोघेही सोबती म्हणून निघाले आणि दोघेही परसदारी पोचले. एका शब्दाचे असे झाले असते तर अपघात म्हणता आला असता. दोघांचे झाले, तेव्हा कारण शब्दाबाहेर शोधले पाहिजे.

ते कारण राज्याच्या घडणीत आहे. भटक्या टोळीत नेता आणि सोबती एकाच शेकोटीला बसतात. लूट डोळ्यांदेखत वाटली जाते. राज्य स्थिरावले, सारा गोळा होऊ लागला, दफ्तर आले, खजिना आला की नेत्याचे देणे कारकुनाच्या हातून, ठरलेल्या दराने मिळू लागते. वाट्याचा पगार होतो. पगार देणाऱ्याला तोंड नसते, आणि सोडून जाण्याची मुभा आकसत जाते. शब्दाची पायरी तेव्हा एकेक करून उतरते.

हिंदुस्थानात हा शब्द आला तेव्हा तो मधल्या पायरीवर होता. बाबराने आपल्या चगताई तुर्कीतल्या आत्मकथनात पदरच्या लढवय्यांसाठी तो सतत वापरला आहे. पुढे उत्तर हिंदुस्थानात 'नौकरी' म्हणजे घरापासून दूर जाऊन केलेली लष्करी चाकरी, असा अर्थ रूढ झाला आणि त्यात मान होता. डच इतिहासकार डर्क कोल्फ यांनी १९९० सालच्या ग्रंथात दाखवले की पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावचे शेतकरी हंगामानुसार शस्त्रे घेऊन अशा नौकरीला बाहेर पडत. ती एक प्रचंड बाजारपेठ होती आणि तिच्यात शिपाई आपला धनी निवडत असे. मराठ्यांच्या लष्करातही हीच जाणीव दुसऱ्या शब्दांत दिसते. स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. दोघेही पदरचेच, पण ज्याचा घोडा आपला, त्याच्या हाती निघून जाण्याचा हक्क होता, म्हणून त्याचा दर्जा वेगळा.

हा जुना अर्थ चामोर्शीच्या परिसरात शेवटचा कधी दिसला, याचे एक उत्तर १८५८ साली मिळते. त्या वर्षी चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यांना येऊन मिळाले ते आरपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव; यातले घोट आज चामोर्शी तालुक्यात आहे. त्यांच्या सैन्यात गोंड तरुणांबरोबर रोहिलेही होते. रोहिले म्हणजे कोल्फ यांनी वर्णिलेल्या बाजारपेठेतले व्यावसायिक शिपाई, पगारावर आलेले नोकर. गोंड तरुण आले ते नात्याने, निष्ठेने आणि स्वतःच्या रानाच्या रक्षणासाठी. बोओर्चूने भांडे टाकून निघावे तसे. एकाच फौजेत या शब्दाचे दोन अर्थ खांद्याला खांदा लावून लढत होते असे आम्हांस वाटते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात शेडमाके यांना फाशी देण्यात आले. त्याच वर्षी कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. शस्त्रधारी नोकरांची ती बाजारपेठ कायमची मोडली, आणि उरली ती दोन प्रकारची नोकरी: सरकारच्या कचेरीतली आणि धन्याच्या घरातली.

येथून पुढे 'नोकर' आणि 'नोकरी' यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. घरातल्या माणसाला शब्द मिळाला 'नोकर'. कचेरीतल्या माणसाने नाम टाकले आणि भाववाचक रूप तेवढे ठेवले. कारण कचेरीतल्या नोकरीत जुन्या सोबत्याच्या हक्कांपैकी काहीतरी परत आले होते: ठरलेला पगार, बढती, रजा आणि म्हातारपणी पेन्शन. देणे पुन्हा दोन्ही बाजूंना झाले. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण तिच्या क्रमासह उलटली ती यामुळेच. आज धानाची शेती असलेल्या घरातला मुलगा पहाटे उठून पोलीसभरतीसाठी धावतो किंवा वनरक्षकाच्या परीक्षेचा अर्ज भरतो, तेव्हा त्याला कनिष्ठ काही हवे आहे असे कोणी म्हणणार नाही. क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. नोकरी 'मिळते' त्यापेक्षा अधिक वेळा ती 'लागते'; झाडाला फळ लागावे, विहिरीला पाणी लागावे तशी. ती मागून मिळत नाही, दैव अनुकूल असेल तर लागते, ही समजूत त्या क्रियापदात मुरलेली आहे.

कामाच्या शब्दांची ही चढउतार मराठीत एकट्या नोकराची नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये 'कामगार' हा शब्द सरकारी अधिकाऱ्यांसाठी येतो. आज तो कारखान्यातल्या मजुराचा आहे. शेजारच्या कन्नडने नौकर शब्दाला खाली उतरूच दिले नाही. कर्नाटकातल्या सरकारी कर्मचाऱ्यांची संघटना आपल्या नावात उघडपणे 'नौकर' लावते. मराठीने मात्र स्वातंत्र्यानंतर हा शब्द टाळण्याचा मार्ग धरला. कागदोपत्री नोकर गेला आणि 'कर्मचारी' आला, 'सेवक' आला, 'सेवाज्येष्ठता' आणि 'सेवानिवृत्ती' आली. एका फारसी-मंगोल शब्दाच्या जागी संस्कृत शब्द आल्याने कामाला पावित्र्य आले असे वरवर वाटते.

या पावित्र्याची किंमत कोण देते, हे साहित्याच्या वर्गात विचारले जात नाही. ते विचारायला हवे. २००० साली महाराष्ट्रात 'शिक्षणसेवक' हे पद निर्माण झाले. शिकवण्याचे काम शिक्षकाचेच, पण पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी 'मानधन'. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी ती तीन वर्षे काढली असतील. गावोगावची 'अंगणवाडी सेविका' आणि 'आशा स्वयंसेविका' यांनाही मानधनच मिळते. या संयुक्त शब्दांची घडण पाहावी. 'सेवा' म्हणजे जिचा मोबदला मागायचा नसतो ती. 'मानधन' म्हणजे मान म्हणून दिलेले, हक्क म्हणून नव्हे. दोन्ही शब्द सभ्य आहेत आणि दोन्ही मिळून समोरच्या बाजूचे देणे पुसून टाकतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२च्या कायद्याप्रमाणे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देय आहे असा निर्णय दिला. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अंगणवाडी सेविकांच्या संपातही सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा ही प्रमुख मागणी होती. शब्दांच्या भाषेत सांगायचे तर त्या बाया सेविकापणातून बाहेर पडून नोकरी मागत होत्या. जो शब्द आपण हलका समजून बाजूला सारला, त्यातच त्यांना हक्क दिसत होता.

व्युत्पत्ती शिकवताना आपण शब्दाचे गाव सांगतो आणि थांबतो. नोकर मंगोल, चाकर सोग्दी, वेठ आणि सेवा संस्कृत. परीक्षेत एवढे पुरते. परंतु वरील सर्व प्रवासात शब्दाचे कुळ त्याच्या कामी आलेले दिसत नाही. वीरांच्या घरात जन्मलेले दोन शब्द घरगडी झाले आणि देवळात जन्मलेला शब्द अपुऱ्या मानधनाचे पांघरूण झाला. प्रत्येक वेळी निर्णय लागला तो एकाच गोष्टीवरून: या नात्यात समोरच्यावर काही देणे आहे की नाही, आणि ते न मिळाल्यास उठून जाण्याची मुभा आहे की नाही. ऐतिहासिक शब्दार्थविचार हा विषय वर्गात घेताना कोशातल्या 'फा.' आणि 'सं.' या खुणांच्या शेजारी हा प्रश्नही फळ्यावर लिहावा अशी आमची सूचना आहे.

जाता जाता एक नोंद. तेहरानच्या रस्त्यावर आज दोन जिवलग मित्र भेटले की एकमेकांना 'चाकेरेतम', 'नोकरेतम' म्हणतात. शब्दशः अर्थ 'तुझा चाकर आहे', 'तुझा नोकर आहे'. दोघेही म्हणतात, म्हणून कोणी कोणाचा नोकर राहत नाही. ज्या फारसीतून हे दोन शब्द हीन होऊन आपल्याकडे आले, तिच्याच बोलीत ते पुन्हा सोबतीच्या अर्थाला पोचले आहेत. आणि तेथे पोचण्यासाठी त्यांना कोणा पंडिताने शुद्ध करावे लागले नाही, म्हणणारे दोघे बरोबरीचे असणे पुरले.